जुने रशियन संगीतपट आणि त्यांची गाणी: एवढी माया कशामुळे?

रशियातला वर्षाचा सगळ्यात मोठा सण म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र. क्रांतीनंतरच्या सरकारने नाताळ मोडीत काढला आणि त्याबरोबर घराघरांतलं सजवलेलं झाडही गेलं. १९३५च्या अखेरीस झाडाला परत परवानगी मिळाली, पण नव्या वर्षाचं झाड म्हणून. मग भेटवस्तू, खाणंपिणं, घरच्यांचं जमणं हे सगळंच त्या एका रात्रीवर येऊन बसलं. टीव्ही घरोघरी पोचल्यावर त्यात भर पडली जुन्या, गाण्यांनी भरलेल्या चित्रपटांची. आजही त्या रात्री १९५६चा किंवा १९७५चा चित्रपट लागतो आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेली मुलं त्यातली गाणी पाठ म्हणतात.

बाहेरच्या माणसाला इथे एक कोडं पडतं. यातले अनेक चित्रपट, विशेषतः १९३० आणि ४०च्या दशकांतले, स्टालिनच्या राजवटीने जाणूनबुजून बनवून घेतलेले. ते बनवणाऱ्यांपैकी काहींना तुरुंग मिळाला, काहींना गोळी. आणि हे रशियन माणसाला ठाऊक नाही असं अजिबात नाही. मग ही माया कसली?

याची दोन तयार उत्तरं मिळतात. एक, लोकांच्या डोक्यात ते भरवलं गेलं. दोन, करमणूक ती करमणूक, तिचा राजकारणाशी काय संबंध. मला दोन्ही अपुरी वाटतात. माझं म्हणणं असं, की सरकारने संगीतकारांकडे एक गोष्ट मागितली आणि संगीतकारांनी ती देताना तिच्यात आपली दुसरी काहीतरी गोष्ट घातली. लोकांनी पुढे ती दुसरी गोष्ट उचलली. हे कसं घडलं ते चित्रपटांच्याच आधाराने पाहू.

सुरुवात १९३४ची. सोव्हिएत चित्रपटसृष्टीचा प्रमुख बोरिस शुम्यात्स्की याला लोकांना हसवणारे, गाण्यांचे चित्रपट हवे होते. १९३५मध्ये तो हॉलिवूड पाहून आला आणि क्रिमियात सोव्हिएत हॉलिवूड उभारायची योजना त्याने आखली. त्याला हवा तसा दिग्दर्शक मिळाला होता: ग्रिगोरी अलेक्झांद्रोव्ह. हा नामवंत दिग्दर्शक आयझेनस्टाईनचा सहकारी, त्याच्याबरोबर अमेरिका आणि मेक्सिको फिरून आलेला. त्याचा ‘आनंदी मंडळी’ हा पहिला मोठा सोव्हिएत संगीतपट. एका गुराख्याला लोक चुकून नामवंत संगीतकार समजतात आणि तो अखेर जाझ वाद्यवृंद घेऊन थेट मॉस्कोच्या बल्शोई थिएटरच्या रंगमंचावर पोचतो, अशी गोष्ट. मधे त्याची सगळी गुरंढोरं मेजवानीच्या टेबलांवर चढून ताटं फस्त करतात. नायक ओदेसाचा जाझ गायक लिओनिद उत्योसोव, नायिका ल्युबोव ओर्लोवा, संगीत इसाक दुनायेव्स्कीचं.

चित्रीकरण काळ्या समुद्राकाठी गाग्रा इथे चालू असतानाच पटकथाकार निकोलाय एर्दमान आणि व्लादिमिर मास यांना अटक झाली. एर्दमानची रवानगी सैबेरियात येनिसेईस्कला झाली. चित्रपट पूर्ण झाला, श्रेयनामावलीत दोघांचं नाव नव्हतं. छायाचित्रकार व्लादिमिर निल्सन याला १९३८च्या जानेवारीत गोळी घालण्यात आली आणि त्याच वर्षी जुलैत खुद्द शुम्यात्स्कीला. ‘गाण्याने मन हलकं होतं, गाणं कंटाळू देत नाही’ अशा अर्थाचं कूचगीत देशभर वाजत होतं, त्याच वर्षांत हे चालू होतं.

गाणं घरात शिरायचं कसं

आता थोडं यंत्रणेबद्दल, कारण ती समजल्याशिवाय ‘सगळ्यांना सगळी गाणी पाठ’ हे समजत नाही. त्या काळी सोव्हिएत घरांत रेडिओ म्हणजे बहुतेक ठिकाणी तारेने जोडलेला लाउडस्पीकर. काळ्या कागदाचा, ताटलीसारखा. लोक त्याला ‘ताटली’च म्हणत. त्याला स्टेशन बदलायची सोयच नव्हती. एकच कार्यक्रम, तो चालू किंवा बंद. चित्रपटातलं गाणं या ताटलीवर यायचं, ग्रामोफोनच्या तबकडीवर यायचं, बागेतल्या बँडवर, शाळेच्या समूहगानात, मोर्च्यात. चित्रपट पाहिला नसला तरी गाणं टळायचं नाही.

पण नुसतं कानावर आदळून गाणं टिकत नाही. कानावर आदळलेली शेकडो सोव्हिएत गाणी आज कुणाला आठवतही नाहीत. टिकली ती का, याचं उत्तर घडणीत आहे. रशियन भाषेत याला सामूहिक गीताचा स्वतंत्र प्रकारच मानतात: शिकलेला आवाज नसलेल्या माणसांनी एकत्र म्हणायचं गाणं. म्हणून चाल फार उंच जात नाही, श्वास घ्यायला जागा असते, ध्रुवपद लवकर येतं. दुनायेव्स्की युक्रेनमधल्या लोखवित्सा गावच्या ज्यू कुटुंबातला, खार्कोव्हच्या संगीतविद्यालयात शिकलेला, नाटकाच्या वाद्यवृंदात काम केलेला. त्याच्या कूचगीतात ऑपेरेटाचा, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतनाटकाचा, नखरा आहे, जाझचा ठेका आहे, शहरी रशियन प्रेमगीताचा गोडवा आहे. सरकारने मागितलं होतं कूचगीत. त्याने दिलं ते पाय ठेका धरतील असं गाणं.

दुसरं म्हणजे उदासी. रशियन गाण्यांचा फार मोठा भाग मायनर स्वरसप्तकात आहे. आपल्या भाषेत, कोमल गंधार आणि बहुधा कोमल धैवत. निषाद शुद्ध घेतला की कीरवाणीच्या अगदी जवळ. ‘कात्युशा’ ऐका. १९३८चं, मात्वेई ब्लांतरची चाल, मिखाईल इसाकोव्स्कीचे शब्द. सीमेवरच्या जवानाची वाट पाहणाऱ्या मुलीचं गाणं, ठेका नाचरा आणि स्वर मात्र मायनरचे. आपल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं त्याचं एक कारण हेही असावं.

एक अंगाईगीत, दोनदा

अलेक्झांद्रोव्हचा १९३६चा ‘सर्कस’ हा या सगळ्या गुंत्याचा उत्तम नमुना आहे. अमेरिकी सर्कसवाली मॅरियन डिक्सन (पुन्हा ओर्लोवा) हिला काळ्या वर्णाचं मूल आहे, म्हणून तिच्या देशात लोक तिच्या अंगावर धावून येतात. ती मॉस्कोला येते. तिचा दुष्ट मॅनेजर एके दिवशी भर रिंगणात ते मूल सगळ्यांना दाखवतो, आता हिची छी-थू होणार या आशेने. होत नाही. प्रेक्षक त्याच्या हातून मूल घेतात आणि ते हातोहात वरच्या रांगांकडे सरकत जातं. प्रत्येक रांगेतला माणूस आपल्या भाषेत अंगाईचं एकेक कडवं म्हणतो: रशियन, युक्रेनियन, तातार, जॉर्जियन. यिडिश, म्हणजे ज्यूंच्या भाषेतलं, कडवं म्हणतो सोलोमन मिखोएल्स, मॉस्कोच्या ज्यू नाट्यगृहाचा प्रमुख नट आणि दिग्दर्शक.

मूल मात्र खरंखुरं. जिम पॅटरसन, १९३२मध्ये अमेरिकेतून मॉस्कोला आलेल्या लॉइड पॅटरसन या काळ्या तरुणाचा मुलगा. मोठा होऊन तो सोव्हिएत नौदलात अधिकारी झाला आणि कवी म्हणून नावारूपाला आला.

जानेवारी १९४८मध्ये मिन्स्क इथे मिखोएल्सचा खून झाला. स्टालिनच्या हुकमावरून झालेला हा खून अपघात म्हणून दाखवण्यात आला. त्यानंतर ‘सर्कस’च्या प्रतींमधून त्याचं कडवं कापलं गेलं. सगळ्या जाती-वंशांच्या माणसांनी एका लेकराला जोजवायचं, आणि त्यातल्या एका भाषेचा आवाज गायब. स्टालिन गेल्यानंतर ते कडवं परत जोडण्यात आलं. मला हा सगळा इतिहास कळला तेव्हा वाटलं, की कुठल्याही पुस्तकापेक्षा ही एवढीशी कात्री सोव्हिएत काळाबद्दल जास्त सांगते. त्या प्रसंगातली माणुसकी खोटी नव्हती. मिखोएल्सने ते कडवं मनापासूनच म्हटलेलं आहे, पाहताना दिसतं. खोटा होता तो त्या माणुसकीवर लावलेला सरकारी शिक्का.

याच चित्रपटातलं मातृभूमीचं गीत (शब्द लेबेदेव-कुमाचचे) तर जवळजवळ दुसरं राष्ट्रगीत झालं, त्याच्या पहिल्या स्वरांची मॉस्को रेडिओने ओळखधून केली. माणूस इतका मोकळा श्वास घेतो असा दुसरा देश मला माहीत नाही, असं त्यात म्हटलंय. पुढच्याच वर्षी, १९३७मध्ये, अटकसत्र शिगेला पोचलं.

खंदकातली गिटार

युद्धाने गाण्याचा आवाज बदलला. १९४३मध्ये लिओनिद लुकोवने ‘दोन सैनिक’ काढला, तोही मॉस्कोपासून दूर ताश्कंदमध्ये, कारण स्टुडिओ तिकडे हलवलेले होते. त्यातला एक प्रसंग असा: खंदकातली कोंदट खोली, छत गळतंय, जवान जो तो आपापल्या कामात, कुणी पत्र लिहितोय. त्यांच्यातला एक, नट मार्क बर्नेस, गिटार घेतो आणि जवळजवळ बोलल्यासारखं गातो. रात्र अंधारी आहे, माळावर गोळ्यांचे आवाज आहेत, तू बाळाच्या पाळण्याजवळ जागी आहेस आणि गुपचूप डोळे पुसतेयस, मला ठाऊक आहे. बस्स. पक्षाचं नाव नाही, नेत्याचं नाव नाही, विजयाची घोषणा नाही. चाल निकिता बोगोस्लोव्स्कीची, शब्द व्लादिमिर अगातोव्हचे.

बर्नेस शिकलेला गायक नव्हता आणि तेच त्याचं बळ ठरलं. तो गातो तेव्हा कुणी मंचावरून सांगतंय असं वाटत नाही, शेजारी बसलेला माणूस बोलतोय असं वाटतं. याच बर्नेसने जुलै १९६९मध्ये, कर्करोगाने खंगलेला असताना, युद्धात मेलेले जवान क्रौंच पक्षी होऊन उडतात या कल्पनेचं गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ऑगस्टमध्ये तो गेला. ते गाणं आजही स्मृतिदिनांना वाजतं.

सरकारला या उदासीतला धोका कळत होता. सप्टेंबर १९४६मध्ये पक्षाच्या केंद्रीय समितीने लुकोवच्याच दुसऱ्या एका चित्रपटावर ठराव करून बंदी आणली. त्या ठरावात गाण्यांवर स्वतंत्र ताशेरे होते: बोगोस्लोव्स्कीची ही गाणी गुत्त्यातल्या उदासीने भरलेली आहेत, सोव्हिएत माणसाला परकी आहेत. दोन कोटींच्या वर माणसं युद्धात गमावलेल्या देशाला सांगितलं जात होतं, की दुःख परकं आहे.

मग दुःख कुठे गेलं? ते पुन्हा गाण्यातच लपलं, आणि तेही सगळ्यात चकचकीत चित्रपटात. इव्हान पीर्येवचा ‘कुबानचे कझाक’ १९५०मध्ये पडद्यावर आला. गोष्ट एका जत्रेची: सामूहिक शेतांची दोन अध्यक्ष मंडळी, एक पुरुष, एक बाई, एकमेकांवर कुरघोडी करता करता प्रेमात. दुकानं मालाने ओसंडतायत, कलिंगडांच्या राशी, नवी कापडं, पियानोसुद्धा विक्रीला. तीनच वर्षांपूर्वी, १९४६-४७मध्ये, देशात दुष्काळाने भूकबळी पडले होते आणि सामूहिक शेतावरच्या शेतकऱ्याला गाव सोडून जायला लागणारा पासपोर्टही मिळत नव्हता. १९५६मध्ये स्टालिननंतरचा नेता ख्रुश्चेव्ह याने पक्षापुढच्या गुप्त भाषणात म्हटलं, की स्टालिनला खेडं ठाऊक होतं ते चित्रपटांतून, आणि त्या चित्रपटांत टेबलं हंस-टर्कींच्या वजनाने वाकलेली असत.

पण दुनायेव्स्की आणि इसाकोव्स्कीने या जत्रेसाठी लिहिलेली दोन गाणी ऐका. एकात मुलगी म्हणते, ओढ्याकाठी झुडूप फुललंय, माझं प्रेम बोलायला मला शब्द नाहीत. दुसऱ्यात वयाने पोक्त झालेली बाई एका जुन्या माणसाला विचारते, तू होतास तसाच राहिलास, मग पुन्हा माझ्या वाटेत का आलास? ज्या खेड्यांतले पुरुष युद्धावरून परतलेच नव्हते, तिथल्या बायकांनी ही गाणी लगेच आपली केली. कलिंगडं त्यांना खोटी आहेत हे माहीत होतं. गाणं खोटं नव्हतं.

आपल्याकडे अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’चं असंच झालं. ती छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची, पण तो नकाशा ठाऊक नसलेला माणूससुद्धा त्यातल्या विरहाने हलतो. अण्णा भाऊंनी स्टालिनग्राडचा पवाडा रचला होता, १९६१मध्ये ते रशियाला जाऊनही आले. गाण्यातून राजकारण आणि राजकारणाच्या गाण्यातून माणूस, हे त्यांना कुणी समजावायची गरज नव्हती.

पाच मिनिटं आणि नंतर

स्टालिन १९५३मध्ये मेला. १९५६ संपता संपता ‘कार्निव्हलची रात्र’ आला. दिग्दर्शक एल्दार रियाझानोव, त्याचा हा पहिला कथापट. आणि तो त्याच्या गळ्यात घातला मोसफिल्म या मॉस्कोच्या चित्रपट स्टुडिओच्या तत्कालीन प्रमुखाने, म्हणजे ‘कुबानचे कझाक’वाल्या पीर्येवनेच. सांस्कृतिक भवनातल्या साहेबाला नववर्षाच्या कार्यक्रमात भाषण आणि शिस्त हवी आहे, तरुणांना गाणी आणि नाच. शेवटी तरुण जिंकतात. खार्कोव्हहून आलेली एकवीस वर्षांची विद्यार्थिनी ल्युदमिला गुरचेंको कंबर आवळलेल्या काळ्या झग्यात गाते, की नवं वर्ष यायला पाचच मिनिटं आहेत, तेवढ्यात भांडण मिटवता येतं, प्रेम सांगता येतं. पहिल्या वर्षी ४ कोटी ८६ लाखांवर तिकिटं गेली. पडद्यामागचा जाझ वाद्यवृंद होता एडी रोझनरचा. आणि रोझनर १९५४पर्यंत अतिपूर्वेकडच्या मगादानच्या बाजूला छावणीत कैदी होता. ती हलकीफुलकी ट्रंपेट ऐकताना हे ठाऊक असलेलं बरं.

साठच्या दशकातल्या लिओनिद गायदाईच्या विनोदी चित्रपटांबद्दल मी इथे थोडक्यात आवरतो. गाणी मस्त आहेत, पण त्यांना समजावून सांगायची गरज नाही. एवढंच, की आपल्यासारखं पार्श्वगायन तिकडेही होतं, फक्त गायिकेचं नाव अनेकदा पडद्यावर यायचं नाही. आईदा वेदीश्चेवाने गायलेलं अस्वलांचं गाणं अख्ख्या देशाला पाठ, आणि श्रेयनामावलीत ती नाही.

१ जानेवारी १९७६ला टीव्हीवर आलेला रियाझानोवचाच ‘नशिबाची थट्टा’ मात्र थांबून पाहायला हवा. मॉस्कोतला एक डॉक्टर दारूच्या नशेत विमानाने लेनिनग्राडला पोचतो आणि टॅक्सीवाल्याला आपला पत्ता सांगतो. त्याच नावाचा रस्ता तिथे आहे, तशीच इमारत, त्याच क्रमांकाचं घर आणि त्याच्या किल्लीने कुलूपही उघडतं. सगळी घरं सारखी, हा विनोद. पण संगीतकार मिकाएल तारिव्हेर्दिएवने त्या सारख्या घरांत गिटारवर गायला लावल्या त्या मरिना त्स्वेतायेवा, पास्तरनाक, बेला आखमादुलिना यांच्या कविता. पास्तरनाकला नोबेल मिळालं म्हणून याच व्यवस्थेने छळलं होतं. त्स्वेतायेवाच्या नवऱ्याला गोळी घातली गेली, मुलगी छावणीत गेली, आणि १९४१मध्ये येलाबुगा गावात तिने गळफास लावून घेतला. आता तिची १९१५ची कविता नववर्षाच्या सुट्टीत कोट्यवधी घरांत ऐकू आली, अल्ला पुगाचोवाच्या आवाजात. कुणी भाषण केलं नाही, माफी मागितली नाही. नुसती कविता परत आली.

गतकाळाची ओढ कशी विकली गेली

१९९१मध्ये देशच उरला नाही. १९९२मध्ये किमती मोकळ्या सोडल्यावर आयुष्यभराची बचत मातीमोल झाली. अशा वेळी १९९६ साल उजाडताना ओआरटी वाहिनीवर एक कार्यक्रम लागला, नावाचा अर्थ ‘महत्त्वाच्या गोष्टींविषयी जुनी गाणी’. कल्पना लिओनिद पार्फ्योनोव आणि कोन्स्तान्तिन एर्न्स्ट यांची. त्या वेळचे पॉप गायक ‘कुबानचे कझाक’च्या धर्तीवर उभारलेल्या खेड्यात, जुन्या वेशांत, जुनी गाणी म्हणताहेत. प्रतिसाद एवढा मिळाला की पुढच्या वर्षी साठचं दशक आणि त्याच्या पुढच्या वर्षी सत्तरचं घेऊन पुढचे भाग आले.

लेनिनग्राडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत शिकवणाऱ्या स्वेतलाना बॉइम यांनी गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत, ते इथे फार उपयोगी पडतात. एका प्रकारात माणसाला ते गेलेलं घर पुन्हा जसंच्या तसं उभारायचं असतं. दुसऱ्यात घर गेलंय हे त्याला मान्य असतं, तो फक्त त्या आठवणीत रेंगाळतो, तिच्या भेगांसकट. खंदकातलं गाणं ऐकून आजोबांची आठवण काढणारी बाई दुसऱ्या प्रकारातली. तेच गाणं लावून ‘आपला देश पुन्हा तसाच बलाढ्य करू’ म्हणणारं सरकार पहिल्यातलं. गाणं एकच असतं, म्हणून धोका. मिखोएल्स, एर्दमान, रोझनर यांची नावं पुसून नुसता गोडवा ठेवला, की पहिला प्रकार फार सोपा होतो.

आणि आता त्यात रक्त मिसळलंय. ज्यांना आपण सरसकट ‘रशियन’ गाणी म्हणतो त्यांची पाळंमुळं पाहा: दुनायेव्स्की लोखवित्साचा, उत्योसोव ओदेसाचा, बर्नेस निझिनचा, गुरचेंको खार्कोव्हची, लुकोव मारिउपोलचा. ही सगळी गावं युक्रेनमध्ये आहेत. तारिव्हेर्दिएव त्बिलिसीचा आर्मेनियन. २०२२पासून ओदेसा, खार्कोव्ह, मारिउपोलवर रशियन सैन्याने बाँब टाकले आहेत आणि अनेक युक्रेनियन माणसांना ही गाणी आता ऐकवत नाहीत. त्यांना तुम्ही का ऐकत नाही असं विचारायचा अधिकार मला तरी नाही. पण ही गाणी एकट्या रशियाची आहेत, असं म्हणू देणंही मला चूक वाटतं.

उलट दिशेनेही थोडं. १९५४मध्ये ‘आवारा’ सोव्हिएत पडद्यावर गेला आणि ६ कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. राज कपूर तिकडे इतका का आवडला, याची बरीच स्पष्टीकरणं दिली जातात. दुनायेव्स्की आणि बर्नेसवर कान तयार झालेल्या, उदासी परकी आहे असं आठ वर्षांपूर्वीच ठरावाने ऐकलेल्या लोकांना एक भणंग माणूस रस्त्यावरून गात जाताना दिसला, हे मला पुरेसं वाटतं.

पाहायला सुरुवात करायची असेल तर मोसफिल्मने २०११पासून आपले जुने चित्रपट यूट्यूबवर मोफत ठेवायला सुरुवात केली, बऱ्याच चित्रपटांना उपशीर्षकं आहेत. ‘नशिबाची थट्टा’ आधी पाहा, भाषा न कळताही गाणी धरून ठेवतात. मग ‘कार्निव्हलची रात्र’, मग मागे १९३०च्या दशकात जा. ‘सर्कस’ पाहाल तेव्हा अंगाईच्या प्रसंगात यिडिश कडवं आहे ना, ते नक्की तपासा. नसेल तर ती कापलेली प्रत आहे, दुसरी शोधा.